मंडळीने गावासाठी नेमकं काय करावं? (हातपंपावरून सुचलेला धागा)

बोरीबाभळी:

नमस्कार.

आमचं चर्च लहान आहे, साठ-सत्तर घरांचं. यंदा मला पंचकमिटीत घेतलंय. पहिल्याच बैठकीला नाताळच्या वाटपाचा विषय निघाला. दर वर्षी उपासना झाली की आवारात मांडव घालून आम्ही गावातल्या गरजूंना ब्लँकेटं वाटतो. फोटो निघतो, फळ्यावर लागतो. मागच्या वाटपात एक म्हातारी ब्लँकेट घेऊन पुढे सरकली नाही, तिथेच उभी राहिली. म्हणाली, "बाई, हे तिसरं. आधीची दोन पेटीत घडी करून ठेवलीत. मला आता हे हिरवं का तांबडं तेच दिसंना झालंय. डोळ्याचं काही करता का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन वर्षं आम्ही तिला रांगेत उभं केलं आणि तुला काय हवंय हे एकदाही विचारलं नाही. फार लागलं मनाला.

तेव्हापासून आपल्याकडे मंडळ्यांनी आधी काय काय केलंय ते वाचत बसते. एक गोष्ट तर चाळिशीत कळली. आमच्या वस्तीच्या कडेला जो हातपंप होता, ज्याच्या दांड्याला लोंबकळत आम्ही मोठे झालो, त्याचं मूळ मराठवाड्यात मिशनने केलेल्या पाण्याच्या कामात आहे. साठच्या दशकात विंधनविहिरी घेतल्या जात होत्या, पण त्यांवरचे पंप टिकत नव्हते. जालन्यात स्कॉटिश मिशनशी जोडलेल्या लोकांनी दणकट लोखंडी पंप तयार केला. तो जालना पंप. पुढे 'सोलापूर वेल सर्व्हिस'ने त्यात सुधारणा केली, तो सोलापूर पंप. आणि त्यावरून युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' झाला, जो आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही दिसतो. उपदेशासाठी आलेली माणसं विहिरीपाशी थांबली, पंप का मोडतो ते बघत बसली, हे मला फार मोठं वाटतं.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात काही विधवा सुटत होत्या, कुरकुर झाली, तेव्हा खास त्या कामासाठी सात माणसं नेमली. आम्ही वाटपासाठी मांडववाला नेमतो, माणसं नेमत नाही.

तर विचारायचं आहे ते असं: तुमच्या भागात चर्चने केलेलं कोणतं काम खरंच टिकलं? आणि आमच्यासारख्या लहान मंडळीने, ज्यांच्याकडे एक हॉल, मागची एक रिकामी खोली आणि थोडीच अर्पणं आहेत, त्यांनी कुठून सुरुवात करावी? ख्रिस्ती नसलेल्यांनीही अवश्य लिहा. मला तुमचंच ऐकायचं आहे.

विहीरकाठ:

पंपाचं नाव निघाल्यावर राहवलं नाही. जिल्हा परिषदेच्या यांत्रिकी विभागात माझी उभी नोकरी पंप उतरवण्या-चढवण्यात गेली. ताई, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, थोडी भर घालतो.

आधीचे पंप बिडाचे होते, परदेशातल्या एका शेतकरी कुटुंबासाठी बनवलेल्या पंपांची नक्कल. तिकडे दिवसातून चार बादल्या काढायच्या. आपल्याकडे पहाटे चारपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव त्यावर. बीड ठिसूळ, दांडा तुटायचा. खिळी झिजून दांड्याला खेळ यायचा, मग पंप नुसता खडखडायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्याला युनिसेफने पाहणी केली तेव्हा चारातले तीन पंप बंद सापडले. सरकारने पैसा ओतला होता, भोकं पाडली होती, आणि बाया पुन्हा जुन्या विहिरीवर.

जालना-सोलापूरच्या लोकांनी काय केलं, तर पोलाद वापरलं, चार खिळ्यांच्या जागी एकच भक्कम खीळ ठेवली. सोलापूर पंपात बेअरिंग आलं आणि दांड्याच्या टोकाला साखळी आली, त्यामुळे आतली सळई सरळ वर-खाली जायला लागली. शिवाय पंपाचा पाया विंधनविहिरीच्या पाइपावर न टेकवता बाजूच्या काँक्रीटमध्ये पक्का केला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यातून १९७७-७८ पासून मार्क टू मोठ्या संख्येने निघू लागले.

आता जे सांगायचं आहे ते. एवढा चांगला पंपसुद्धा बंद पडायचा, आणि बहुतेक वेळा एका वॉशरमुळे. सिलिंडरमधला चामडी वॉशर, तळहातावर मावेल एवढा. पण तो बदलायला तीस-चाळीस मीटर पाइप वर काढावा लागायचा, त्याला तिकाटणं, चार-पाच माणसं आणि गाडी. गाडी तालुक्याला. अर्ज, खेप, पुन्हा अर्ज. म्हणून पुढे मार्क थ्री आला, त्यात वॉशर बदलायला सगळा पाइप काढावा लागत नाही.

तुम्ही जे काही सुरू कराल त्यात एक प्रश्न पहिल्या बैठकीतच विचारा: ह्यातला वॉशर कोणता, आणि तो कोण बदलणार? अभ्यासिका काढली तर तिची किल्ली कोणाकडे? शिलाई मशीन आणली तर सुई मोडल्यावर कोण? दान देणाऱ्याला कोनशिलेवर नाव हवं असतं, वॉशरवर नाव घालता येत नाही, म्हणून त्याला कोणी पैसे देत नाही.

वाडीकर:

वसईतून लिहितोय, कॅथलिक आहे. आमच्याकडे टिकलेलं काम म्हणजे बँक. आज बॅसीन कॅथलिक बँकेच्या शाखा बघून कोणाला वाटणार नाही, पण १९१८ साली ती सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवायला सुरू झाली. मॉन्सिनियर पी. जे. मोनिस हे तिचे संस्थापक. बागायतदाराची वाडी गहाण, पीक सावकाराच्या घरी, अशी तेव्हाची दशा. धर्मगुरूने त्यावर प्रवचन दिलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती आणि सोमवारी पुन्हा सावकाराच्या ओट्यावर गेले असते. त्याऐवजी सहकारी पतपेढी काढली. शंभर वर्षं झाली, चालू आहे, आणि खातेदार सगळ्या धर्मांचे आहेत.

दुसरं, हरित वसई. १९८८ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. बिल्डरांचा रेटा, टँकरवाल्यांनी उपसलेल्या विहिरी, दहशत. सगळे जातिधर्म त्यात होते. तेव्हा मी शाळेत होतो, घरातली मोठी माणसं मोर्चाला जाताना दार लावून घ्या म्हणून सांगून जायची ते आठवतं. हेच फादर २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा शेजारच्या आगरी घरातल्या काकू आमच्याकडे येऊन रडल्या.

सेवा म्हटलं की आपल्याला भुकेल्याला अन्न एवढंच सुचतं. विहिरीचं पाणी कोणी चोरून नेत असेल तर त्याच्या आड उभं राहणं हीसुद्धा सेवाच.

साधाप्रश्न:

धागा चांगला आहे, विहीरकाठ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. तरी मनात आहे ते विचारतो, राग मानू नका. मिशनच्या दवाखान्याचे, शाळांचे उपकार आमच्याही घरावर आहेत. माझ्या आजीची दोन्ही बाळंतपणं मिशनच्या दवाखान्यात झाली. पण सेवेच्या मागे धर्मांतराचा हेतू असतो असं गावात बोललं जातं, आणि दुष्काळात धान्यासाठी लोक ख्रिस्ती झाले हा इतिहासही आहे. अडलेल्या माणसाला मदत देताना त्याच्यापुढे धर्म ठेवणं मला पटत नाही. तुमची मंडळी हे कसं हाताळणार?

जुनंपान:

प्रश्न रास्त आहे आणि जुना आहे. पंडिता रमाबाईंनाही तो सोडवावा लागला.

११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांना शिकवायचं, ज्याचा त्याचा धर्म ज्याला त्याला, अशी हमी होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार. मग काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी माझ्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करते, कोणाला बोलावत नाही, आलेल्याला हाकलतही नाही. मला रमाबाईंबद्दल अतोनात आदर आहे, तरी पालकांची भीतीही मला समजते. आश्रित मुलगी आणि आश्रयदाती यांच्यात उघडं दारसुद्धा पूर्ण उघडं नसतं.

पण त्याच सदनातल्या गोदूबाईंकडे बघा. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्या हिंदूच राहिल्या, १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, त्याच आपल्या बाया कर्वे. कर्व्यांच्या हिंगण्यातल्या स्त्रीशिक्षणाच्या कामामागे शारदा सदनातलं शिक्षण आहे. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः जाऊन रस्त्यावरच्या मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन वाढलं. तिथे मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जायचं. मराठी मुलगी कंपोझिंग करतेय, तेही त्या काळात!

सावित्रीबाईंचंही घ्या. नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरारबाईंकडे त्यांचं अध्यापनाचं प्रशिक्षण झालं. फॅरारबाई १८२७ मध्ये भारतात आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांच्याकडून सावित्रीबाईंनी घेतलं ते अध्यापन, धर्म नाही, आणि ते घेऊन त्यांनी काय उभं केलं हे आपण सगळे जाणतो.

बोरीबाभळी:

साधाप्रश्न, राग कशाचा? मीच आमच्या बैठकीत हे मांडलंय. माझं मत स्पष्ट आहे. औषध देताना प्रार्थना नाही, अर्ज भरून देताना धर्मप्रचाराची पत्रिका नाही. रविवारी चर्चचं दार उघडं आहे, ज्याला यायचं तो येईल, पण मागच्या खोलीत येणाऱ्याला त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. आमच्यातल्या दोघांना हे कमी पडतं असं वाटलं, "मग आपण आणि सरकारी ऑफिस यात फरक काय?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, फरक असा की सरकारी ऑफिसात त्या म्हातारीला कोणी बसायला खुर्ची देत नाही. देवाने आमच्यावर प्रेम करताना अट घातली नाही, आम्ही कोण घालणार?

आणि मदतीच्या कामात निम्मी माणसं मंडळीबाहेरची घ्यायची असंही सुचवलंय. बघू.

पांढरीटोपी:

मी मिरजेला नर्सिंग केलं. तुमच्या म्हातारीबद्दल आधी लिहिते, इतिहास नंतर.

मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयात मोफत होते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे. पैशाची अडचण बहुतेकदा नसतेच. अडचण अशी की म्हातारीला घेऊन कोण जाणार? तपासणीला एक खेप, साखर आणि रक्तदाब जास्त निघाला तर तो खाली येईपर्यंत थांबायचं, मग शस्त्रक्रियेची खेप, मग पुन्हा दाखवायला. घरी आल्यावर काही आठवडे वेळेवर थेंब घालायचे. सुनेला मजुरी बुडवून हे जमत नाही. त्यामुळे डोळ्यांची शिबिरं गावोगाव होतात, नावं लिहिली जातात, आणि यादीतल्या कितीतरी बाया शस्त्रक्रियेपर्यंत पोचतच नाहीत. तुमची मंडळी शिबिर भरवू नका. सोबत जा. महिला मंडळातल्या चार जणींनी आळीपाळीने एकेका पेशंटची सोबत घेतली, थेंबांचं वेळापत्रक भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं, तर वर्षाला दहा-पंधरा माणसं बघायला लागतील. छातीवर हात ठेवून सांगते, थेंब चुकल्यामुळे बिघडलेले डोळे मी पाहिलेत.

आता मिरज. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये या भागात आले, १८९४ ला मिरजेचं रुग्णालय सुरू झालं. शल्यक्रियेसाठी लांबलांबून लोक बैलगाडीने यायचे. पण आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, वानलेसांची खरी करामत ऑपरेशन टेबलावर नव्हती. त्यांनी इथल्याच माणसांना शिकवलं. वैद्यकीय शाळा, परिचारिकांचं शिक्षण हे सगळं एकोणिसाव्या शतकातच सुरू केलं. मग कुष्ठरोग्यांसाठी जागा, मग क्षयरोग्यांसाठी. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यातूनच झाली. १९२८ मध्ये ते परत गेले तेव्हा मागे शिकलेली माणसं होती, म्हणून दवाखाना चालू राहिला. आमच्या बॅचला सगळ्या जातिधर्मांच्या मुली होत्या. पहिला पगार घेऊन घरी गेले तेव्हा वडिलांनी दाराबाहेर येऊन माझी पिशवी घेतली. त्याआधी त्यांनी कधी कोणा बाईची पिशवी घेतलेली मी पाहिली नव्हती.

आणि ज्यांना जमेल त्यांनी जामखेडबद्दल वाचाच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. आधी नगर जिल्ह्यातल्या वडाळा मिशनच्या दवाखान्यात काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की रोज तेच ते आजार येतात, जुलाब, गोवर, बाळंतपणातली गुंतागुंत, आणि बरं करून पाठवलेलं मूल पुन्हा त्याच घाणेरड्या पाण्यावर जातं. म्हणून १९७० मध्ये जामखेडला प्रकल्प सुरू केला तो गावात जाण्यासाठी. गावात राहायला नर्स तयार होईनात, तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, टाकलेल्या, विधवा. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, परत जाऊन मुलांची वजनं घ्यायच्या, बाळंतपणं करायच्या, साखर-मिठाचं पाणी पाजायला शिकवायच्या, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखायच्या. १९७१ मध्ये त्या भागात दर हजारी १७६ बाळं वर्षाच्या आत जायची, नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला पुरस्कारापेक्षा त्या बायका मोठ्या वाटतात. मी एकदा तिथे गेले होते, तेव्हा एका आजींनी मला प्रसूतीतला रक्तस्राव कसा ओळखायचा ते समजावलं. मी बावीस वर्षं नर्स होते. त्यांनी सांगितलेली एक खूण मला नवी होती.

पंपवाल्या दादांसाठी: ७२ च्या दुष्काळात तिथल्या लोकांनी आरोळ्यांना औषध मागितलं नाही, पाणी मागितलं. विंधनविहिरी घेतल्या तेव्हा त्यांतल्या बहुतेक दलित वस्तीत घेतल्या. गावाला पाण्यासाठी तिकडे जावं लागलं.

विहीरकाठ:

हे वाचून अंगावर काटा आला. पंप कुठे बसवायचा हे ठरवताना आम्ही नेहमी सरपंचाच्या घरापासूनचं अंतर बघायचो.

माथ्याकडून:

मी संगमनेर तालुक्यातला. फादर हर्मन बाखर यांचं नाव इथे यायलाच हवं. स्वित्झर्लंडचे जेझुइट संघाचे कॅथलिक धर्मगुरू, १९४८ मध्ये भारतात आले, पुढची सहा दशकं इथे. त्यांनी पाणलोटाचं जे काम रचलं, इंडो-जर्मन कार्यक्रम आणि पुढे वॉटर संस्था, त्यात आमच्याकडचं दरेवाडी हे नाव ठळक. दुष्काळी, बोडकं गाव, दिवाळीनंतर निम्मी माणसं ऊसतोडीला बाहेर. तिथे शहाण्णवच्या सुमारास काम सुरू झालं: माथा ते पायथा समतल चर, बांध, झाडं.

अटी कडक होत्या. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळायची. पाणलोट समिती ग्रामसभेने एकमताने निवडायची, पैसा तिच्या खात्यावर. वर बोरीबाभळी ताई विनाअट मदतीचं म्हणाल्या, पण ही अट वेगळ्या जातीची आहे. गाव एक झालं तरच पाणी अडतं, डोंगर कोणा एकाचा नसतो. चराईबंदीला सगळ्यात जास्त विरोध मेंढपाळांचा होता, आणि तो खरा होता, त्यांची मेंढरं जाणार कुठे? म्हणून सगळा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने करावा लागला. चांगल्या कामाचा भार नेहमी सगळ्यात गरिबाच्या खांद्यावर आधी पडतो, हे काम करणाऱ्याने विसरू नये.

बाखर मराठी बोलायचे. ते २०२१ मध्ये स्वित्झर्लंडला वारले तेव्हा इकडे गावांमध्ये लोकांनी त्यांच्यासाठी श्रद्धांजली सभा घेतल्या. सगळे शेतकरी, सगळे वारकरी.

तिसरंबाक:

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दोन खोल्या आणि सात माणसं. बारावीला मी शेजारच्या चर्चच्या हॉलमध्ये अभ्यास केला. पाळकसाहेबांनी संध्याकाळी सहा ते दहा दिवा चालू ठेवला, एवढंच. कोणी काही विचारलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्या मिसेसनी चहा दिला. मागची खोली रिकामी असेल तर ताई, टेबलं आणि पंखा. बाकी काही लागत नाही.

लेखाजोखा:

कोरडं वाटेल, पण ट्रस्टचं लेखापरीक्षण करणारा म्हणून सांगतो. चर्चची मालमत्ता ज्या विश्वस्त संस्थेच्या नावावर असेल ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असते. नवं काम सुरू करण्यापूर्वी घटनेत ते उद्देशांत बसतं का बघा. नसेल तर दुरुस्ती करून धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्या. अभ्यासिका, रुग्णसेवा यांचा हिशेब उपासनेच्या खर्चापासून वेगळा लिहा, पावती बारीकसारीक रकमेचीही. परदेशातल्या नातलगाने हौसेने पैसे पाठवतो म्हटलं तरी घेऊ नका. तो माणूस परदेशी नागरिक झाला असेल तर ते विदेशी योगदान ठरतं, त्याला वेगळी नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतात. लहान मंडळ्या यात नकळत अडकतात.

शक्य तर हिशेब फळ्यावर लावा, जिथे ब्लँकेटाचा फोटो लावता तिथेच. साधाप्रश्न यांच्यासारखा कोणीही येऊन वाचू शकेल. गावाचा विश्वास बसायला दुसरा उपाय मला माहीत नाही.

सावलीखाली:

सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा वॉकर, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी असं सगळं विकत घेतलं. आठ महिन्यांनी ते गेले. वस्तू माळ्यावर. प्रत्येक घरात हेच. मंडळीने अशा वस्तू गोळा करून गरजूला वापरायला दिल्या, काम झालं की परत घेतल्या, तर एक वॉकर दहा घरांत जाईल. मागच्या खोलीत एक कपाट आणि एक वही पुरे. आमच्याकडच्या वस्तू मी द्यायला तयार आहे, व्यक्तिगत निरोपातून कळवते.

साधाप्रश्न:

सगळ्यांचे आभार. माझ्या शंकेचं उत्तर मिळालं असं नाही, पण ती नीट ऐकली गेली. बोरीबाभळी ताई, निम्मी माणसं बाहेरची घेणार असाल आणि तुमचं गाव माझ्या तालुक्याच्या जवळ असेल, तर अर्ज भरायला मी रविवारी दुपारी येईन. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज मी ग्रामपंचायतीत असताना पुष्कळ भरलेत. उत्पन्नाच्या दाखल्यापाशीच सगळे अडतात.

बोरीबाभळी:

आठ महिन्यांनी धागा वर काढतेय, क्षमा असावी. सांगण्यासारखं थोडं जमलं म्हणून.

यंदा नाताळला ब्लँकेटं वाटली नाहीत. बैठकीत बराच वाद झाला, एक जुने पंच आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्याऐवजी आम्ही सहा जण जोडीजोडीने सगळी वस्ती फिरलो, ख्रिस्ती, बिगर ख्रिस्ती सगळी घरं, आणि फक्त विचारलं. वहीत लिहून घेतलं. आम्हाला वाटलं होतं धान्य, कपडे मागतील. सगळ्यात जास्त वेळा आलं ते "कागद". आधारवर नाव चुकलंय, रेशनकार्डावर सून चढली नाही, नवरा गेला पण दाखला नाही. दोन नंबरला दवाखान्यात सोबत.

साधाप्रश्न खरोखर आले. दर रविवारी दुपारी दोन ते पाच मागच्या खोलीत बसतात. आमची उपासना बाराला संपते, दोन्ही वेळा मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. आतापर्यंत एकतीस अर्ज गेले, अठरा मंजूर. हिशेब फळ्यावर आहे.

अभ्यासिकेला नऊ पोरं येतात. किल्ली त्यांच्यातल्याच एका मुलीकडे. पहिल्या महिन्यात किल्ली पाळकसाहेबांकडे होती आणि ते दौऱ्यावर गेले की खोली बंद राहायची. विहीरकाठ, तेव्हा तुमची आठवण झाली.

म्हातारीचा उजवा डोळा झाला. तिची साखर फार निघाली होती, त्यामुळे दोन महिने थांबावं लागलं, त्या दोन महिन्यांत तिने तीनदा नको म्हटलं. थेंबांचं वेळापत्रक आमच्या चौघींनी सांभाळलं, एक दिवस चुकला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेलो. पट्टी काढल्यावर तिने आधी मला बराच वेळ निरखलं आणि म्हणाली, "तू एवढी बारीक आहेस होय? आवाजावरून थोराड वाटायचीस." डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

सावलीखाली ताईंच्या वस्तू आल्या, अजून तीन घरांतून आल्या. एक अडचण आहे. वॉकर दुसऱ्या घरातून परत आला तो पायांची रबरी बुचं झिजून. फरशीवर घसरतो, असा कोणाला द्यायची भीती वाटते. दुकानात विचारलं तर नवा वॉकर घ्या म्हणतात. ही बुचं सुटी कुठे मिळतात का?

विहीरकाठ:

मिळतात. नळीचा बाहेरचा व्यास मोजा, साधारण बावीस किंवा पंचवीस मिलिमीटर असेल. चारही पाय मोजा, कधीकधी पुढचे-मागचे वेगळे असतात. तळाशी धातूची चकती असलेली घ्या, नुसतं रबर महिन्यात फाटतं. माप इथे टाका. आणि चार नको, बारा मागवा.